बंबाची तार

पोलादपूरला कोयनेचे हादरे नेहमीचेच, पण किल्लारीच्या भूकंपानंतर यांनी धास्ती घेतली आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब मोरीतल्या खुंटीला तारेने बांधला. दिवाळीसाठी चिंचेने घासायला मी तो सोडवून अंगणात आणला. नरकचतुर्दशीच्या पहाटे हे नातीला न्हाऊ घालत होते, मी तुळशीपुढे कारीट ठेवत होते, तेवढ्यात जमीन हादरली. मोरीत नेल्यावर बंब परत बांधला होता का मी? पाणी भरलं, निखारे टाकले, झेंडूची माळ घातली. तारेचं काही आठवेना. नात निथळत धावत आली. "बंब पडला का गं?" "नाही आजी. आजोबांनी मला बाहेर ढकललं." म्हणजे बांधला होता. जीव भांड्यात पडला. हात जोडायला तुळशीकडे वळले, तर कट्ट्यावर तारेचं वेटोळं. हे सावकाश बाहेर आले. "तार कुठे ठेवलीस?" म्हणाले. त्यांचे दोन्ही तळहात भाजले होते.