मुलीकडची होडी

पाण्यावर सगळी माणसं समान असतात, असं मी शिडाची होडी चालवायच्या वर्गात पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि लगेच माझ्या व्याह्यांची खुर्ची रुमालाने पुसली. मी मुलीचा बाप. अकरा वर्षांची सवय.

महिनाभर आम्ही दोघे धरणाच्या पाण्यात शिकलो. परीक्षेत जो पास होईल, त्याने नातीला पहिली सफर घडवायची, असं ठरलं होतं.

परीक्षेत समोरून व्याह्यांची होडी आली. वारा माझ्या उजवीकडून होता, म्हणजे नियमाने हक्क माझा. मी सरळ जायचं, त्यांनी वळायचं. पण मुलाकडचे समोर दिसताच माझ्या हाताने आपोआप सुकाणू फिरवलं. नेमके तेही त्याच बाजूला वळले. अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला वाट दिली होती. होड्या धाडकन आपटल्या.

"चूक कोणाची?" मास्तरांनी काठावरून विचारलं. मी मोठ्या आशेने व्याह्यांकडे पाहिलं.

"ह्यांची," ते म्हणाले. "हक्क असताना दिशा बदलली. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

ते पास झाले, मी नापास.

"अहो, तुमचा मान राखायला वळलो मी!" धक्क्यावर उतरल्यावर मी कळवळून म्हणालो.

"मान वेगळा, नियम वेगळा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, व्याहीबुवा. रविवारी नातीला नेईन, तेव्हा तुम्हीही या बरं का. परत आल्यावर धक्क्यावर दोरी झेलायला कुणीतरी लागेल."