अखंड सेवा

लेकीच्या नव्याकोऱ्या व्यवसायाचं पहिलं मोठं गिऱ्हाईक लॅपटॉपवर बोलत होतं. पण सिमकार्डावर चालणारा इंटरनेटचा डबा खिडकीबाहेर हातभर लांब धरला, तरच ते साहेब हलायचे. आत घेतला की तोंड उघडं ठेवून थिजायचे. म्हणून बाबा मघापासून स्टुलावर उभे होते, बाळाला चांदोबा दाखवावा तसा डबा बाहेर धरून.

"आमच्या ग्राहकांचे फोन तुम्ही घरून घेणार," साहेब म्हणाले, "तर नेट मध्येच जाऊन चालायचं नाही. कनेक्शन कसं आहे?"

लेकीने बाबांच्या थरथरत्या कोपराकडे पाहिलं. "घरचंच आहे, सर. पण एकदम भरवशाचं."

"भरवसा राहू दे, आटप लवकर," बाबा पुटपुटले. "हात गळून पडतील आता."

साहेब घुटमळले. "आणि समजा, तेच बंद पडलं तर? दुसरी काही सोय?"

तेवढ्यात आईने ओले हात पुसले, दुसरं स्टूल ओढलं आणि बाबांच्या कानाशी म्हणाली, "उतरा तुम्ही. द्या इकडे."

"आहे ना, सर," लेक हसून म्हणाली. "आपोआप सुरू होते."