आठशे वाक्यं

दुसरी तारही तुटली. युएचिंगने चिमटा खाली ठेवला, मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला खरं ते सांगून टाकलं.

"मावशी, आता एकदाच करून बघता येईल. तेवढीच जागा उरलीय. आणि माझ्या हातून ते होईल असं काही मला वाटत नाही."

शेनझेनच्या मोबाइल बाजारात एक मीटर रुंदीच्या काउंटरवर नऊ वर्षं काढलेल्या बाईने हे कबूल करणं सोपं नव्हतं. इथे हात टेकले की गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा टॅब मारायची पद्धत आहे. पण समोर बसलेल्या वेंगकाकांना नवा टॅब घेऊन काय करायचं होतं? घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्याच्या आधी अकरा दिवस बसून त्यांनी आठशे वाक्यं या टॅबमध्ये स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. बटण दाबलं की वाक्य बोलतं. तयार मिळणारी बोलकी ॲप्स सरकारी चिनी बोलतात, आणि काकांना आपल्या गावाकडची, चाओशानची बोलीच हवी होती. दुसरीकडे कुठेही त्या वाक्यांची प्रत नव्हती. टॅब गेला की आवाज गेला.

"चहाचं पाणी सांडलं तेव्हाच बंद करायचा ना हो, काका," युएचिंग म्हणाली. तीही चाओशानचीच, त्यामुळे रागावण्यातही घरचेपणा होता.

काकांनी मान खाली घातली. उत्तर त्यांच्या बायकोने, रुइचूमावशींनी दिलं.

"बंद कसला करतायत! हा चहाच्या ट्रेला टेकवून ठेवलेला. पाहुण्याने पेले विसळले आणि पहिलं पाणी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ट्रेमध्येच ओतलं, ते थेट याच्यावर. तर यांनी ओल्या टॅबमधूनच त्याला झापलं. एक वाक्य पुरलं नाही म्हणून आणखी तीन दाबली. चौथ्याला हा गप्प झाला."

युएचिंगला हसू आवरेना. काकाही ओशाळवाणे हसले, बिनआवाजाचे.

मावशींनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "मला बघू दे त्यातून. काय करायचंय नेमकं?"

"केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी तार आहे ही. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत न्यायची. मधल्या दोन रेषांना टेकू द्यायची नाही, आणि मी सोल्डरचा डाग देईपर्यंत हलू द्यायची नाही."

मावशी बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डाग तू दे. तार मी धरते."

"दे, दे! उद्या दुकानही मावशींनाच चालवायला दे!" शेजारच्या काउंटरवरून नूडल्स खाता खाता लाओ गू ओरडला.

"चाळीस वर्षं भरतकाम केलंय मी, देवळांचे पडदे नि नाटकवाल्यांचे झगे," मावशी त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "रेशमाच्या एका धाग्याचे सोळा करायचो आम्ही. तुझ्या नूडल्सचेही करून दाखवीन."

युएचिंगने काकांकडे पाहिलं. आवाज त्यांचा, निर्णयही त्यांचाच. काकांनी उघडा टॅब दोन्ही हातांनी बायकोपुढे सरकवला.

आधी भंगारातल्या बोर्डावर सराव झाला. तीन तारा वाया गेल्या. चौथी बसली, पाचवी बसली, सहावी तर युएचिंगपेक्षा सरळ बसली. मग मावशींनी हात धुतले, कोरडे केले आणि खऱ्या बोर्डावर वाकल्या.

मायक्रोस्कोपचं चित्र वरच्या स्क्रीनवर दिसत होतं. चिमटा आत आला, दोन रेषांच्या मधून तार पुढे गेली, ठिपक्यावर टेकली. आणि चित्र थांबलं. स्क्रीन अडकला, ऐन वेळी अडकला, म्हणून युएचिंग मनात चरफडली. तेवढ्यात कडेला तिच्याच सोल्डरिंगच्या सळईचं टोक हळूच थरथरताना दिसलं. स्क्रीन अडकला नव्हता. मावशींचा हातच हलत नव्हता.

तिच्या अंगावर काटा आला. या बाजारात तिने भलेभले कारागीर पाहिले होते, पण असा हात पाहिला नव्हता. देवापुढे उभं राहिल्यासारखं वाटलं तिला. तिने श्वास रोखला आणि डाग दिला. मग दुसऱ्या टोकाला दिला. लाओ गूच्या नूडल्स निवत होत्या आणि त्याला त्यांची शुद्ध नव्हती.

बॅटरी जोडली. टॅबचा स्क्रीन काळाच राहिला, राहिला, आणि उजळला. काकांनी सापडेल ते पहिलं बटण दाबलं.

"मला ऐकू येतं. ओरडू नका."

भरदार, किंचित घोगरा आवाज. आजूबाजूच्या काउंटरवरचे चाओशानचे लोक आपापली कामं टाकून उभे राहिले. त्या गर्दीच्या मजल्यावर माणसाचा आवाज परत आला होता, आणि ज्या बाईने तो आणला ती खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत होती.

काकांनी बायकोकडे पाहिलं. मग ते यादीवरून बोट फिरवू लागले. भातात पाणी जास्त झालंय. दार लाव. माझी टोपी कुठे ठेवलीस? टीव्हीचा आवाज कमी कर. नको. आठशेव्या वाक्यापर्यंत गेले, परत वर आले, पुन्हा खाली निघाले. बोट मध्येच थांबे, आणि पुढे जाई.

युएचिंग पुढे वाकली. "काका, काही गेलंय का त्यातलं?"

"सगळी आहेत," मावशी म्हणाल्या. "अकरा दिवस मी शेजारीच बसले होते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अहो, नका शोधू. मला शाबासकी द्यायचं वाक्य तुम्ही भरलंच नव्हतं."