मघाचं उत्तर

“पाण्याची टाकी दिसतेय,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दिसतेय म्हणजे काय? मघाशीही दिसतच होती की! घड्याळमास्तर बाकावरून उठला, हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेला, रस्त्याकडे पाहिलं आणि परत येऊन बसला. बसवेना म्हणून पुन्हा उठला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. अजून अवकाश आहे म्हणून ती शेजारच्या गावी त्याच्या ताईकडे चार दिवस राहायला गेली आणि नेमकी बाळाने घाई केली. डॉक्टर म्हणाले होते, बाळ आडवं आहे, वाटेत काही झालं तर अवघड होईल, लवकर आणा. ताई तिला गाडीत घालून निघाली. गडबडीत बायकोचा फोन घरीच राहिला. हा ऑफिसातून लॅपटॉप काखोटीला मारून इथे धावला, आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं: कुठे पोहोचलात?

घड्याळमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो संगणकाच्या कर्नलवर काम करायचा; कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला तो भाग, जो बसला की सगळंच बसतं. त्यातली वेळ सांभाळायचं काम याच्याकडे, म्हणून ऑफिसने हे बारसं केलेलं. कुठल्याही प्रोग्रॅमने वेळ विचारली की याचं घड्याळ ती अचूक सांगणार. घड्याळ लावणं चालू असेल, तर विचारणाऱ्याने क्षणभर कळ काढायची. पण शिळी वेळ कुणाला मिळणार नाही, हा मास्तरचा बाणा.

आणि त्याच्या हाताखालच्या मुलीने, जिला सगळे मुंगी म्हणत, या बाण्यालाच हात घातला होता. तिने वेळ झटपट सांगणारी नवी फंक्शन्स लिहिली होती. वेळेच्या दोन प्रती ठेवायच्या. एक बदलत असली की दुसरी वाचायची आणि चालू पडायचं. फार तर उत्तर किंचित जुनं मिळेल. मास्तरने ती एकदा परत पाठवली होती. मुंगीच ती, पुन्हा घेऊन आली. आज नव्या आवृत्तीत भर घालायची मुदत संपायची होती. तेवढाच जिवाला विरंगुळा म्हणून बाकावर बसून तो दुसरा नकार लिहीत होता. तेवढ्यात तिचाच फोन आला.

“सर, मॅडम पोहोचल्या?”

“कसल्या पोहोचतायत! ताईची आज गोगलगाय झालीये. ते जाऊ दे. मला सांग, विचारणारा जरा थांबला तर काय बिघडतं गं?”

“तो नुसता थांबत नाही ना, सर. मशीन अडकलंय का यावर पहारा देणारा एक प्रोग्रॅम असतो ना, तो वेळ विचारायला वाटेल तेव्हा मध्ये घुसतो. घड्याळ लावणाऱ्यालाच हातातलं काम सोडायला लावतो आणि वर त्याच्याच उत्तराची वाट बघत बसतो. मग काम होणार कधी? मशीन जागच्या जागी गोठतं. सकाळपासून तेच चाललंय.”

“म्हणून शिळी वेळ द्यायची? जुनं उत्तर म्हणजे खोटं उत्तर!” असं म्हणून त्याने फोन कापला आणि लगेच ताईला लावला.

रिंग वाजत राहिली. उचल की! किती वेळ लावतेस! अखेर ताईचा आवाज आला.

“हं, बोल.”

“कुठे पोहोचलात?”

“टाकीपाशी.”

“अगं, अजून टाकीच? बैलगाडी घेऊन निघालीस का?”

“तुझी बायको बरी तुझ्यापेक्षा. कळा तिला आणि बोंब तुझी!”

मागून बायकोचं कण्हणं ऐकू आलं. त्याने घाईने फोन ठेवला. कूलरचं पाणी प्यायला. रस्ता मोकळा आहे, गाडी धड आहे. मग घोडं पेंड कुठे खातंय? त्याला राहवेना. त्याने पुन्हा फोन लावला.

या खेपेला ताईचं बोट घाईत आधीच लागलं असावं. फोन उचलला गेला, पण कुणी बोललं नाही. टिक-टिक, टिक-टिक. इंडिकेटर. मग कडेच्या खडीवरून चाकं गेल्याची करकर. हँडब्रेक ओढल्याचा आवाज. इंजिन बंद झालं. आणि मग ताई म्हणाली, “हं, बोल.”

ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. फोन आला की गाडी कडेला, इंजिन बंद, मगच हॅलो. हे तिने गावातल्या निम्म्या लोकांकडून घोकून घेतलं होतं. त्याच्याकडूनही. आज केलेले फोन त्याने मनातल्या मनात मोजले.

“अरे, बोल ना!”

“काही नाही, ताई. तू ये. मी नाही करत फोन.”

तो बाकावर बसला. पाय हलायचे थांबेनात. मांडीवर लॅपटॉप उघडाच होता. लिहिलेला नकार त्याने पुसून टाकला, मुंगीची फंक्शन्स मंजूर केली आणि झाकण मिटलं. मग नुसता दाराकडे बघत राहिला. असं बसणं त्याला कधी जमलं नव्हतं, आताही जमत नव्हतं.

आतून नर्स आली. “डॉक्टर ऑपरेशनच्या तयारीत आहेत. गाडी कुठे आलीये?”

“टाकीपाशी होती. मघाशी.”

“मघाचं घेऊन काय करू? आत्ताचं सांगा. एक फोन लावा ना!”

त्याचा हात खिशाकडे गेला. तो त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

“नको, सिस्टर. मघाचंच धरून चाला. मी विचारलं की गाडी थांबते.”