पाठमोरी

पुसेगावजवळच्या टेकडीवर बंडोपंत चित्र काढत बसले होते, आणि उद्या त्यांच्या बायकोचा तेरावा होता.

घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी कुणाला न सांगता त्यांनी फळी, रंगपेटी आणि पाण्याची बरणी पिशवीत टाकली आणि हिंगोलीहून नेहमीची एसटी धरली. लोक नावं ठेवणार हे त्यांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. अनुसूयाबाई गेल्यापासून त्यांना काही लागतच नव्हतं. रडू नाही, भूक नाही. कुणी ताट पुढे केलं की जेवायचं, उठवलं की उठायचं.

समोर खाली फुलोऱ्यात आलेली तूर, तिच्या पलीकडे पळसाचं एकटं झाड, मागे डोंगर. आभाळ झालं, डोंगर झाला, तूर झाली. हात आपला चालत होता.

कौशल्याबाई शेळ्या घेऊन आली. ती याच टेकडीवर शेळ्या चारायची आणि बंडोपंत गुरुजींच्या कागदात डोकावल्याशिवाय पुढे जायची नाही.

"गुर्जी, झाडाखाली काहून कोरं सोडलं?"

बंडोपंतांनी पाहिलं. पळसाखाली नखाएवढी जागा कोरी राहिली होती. जलरंगात उजळ हवी ती जागा आधीच सोडावी लागते; एकदा हिरवा फिरला की त्यावर लाल उठत नाही. त्या जागी अनुसूयाबाई उभ्या राहायच्या. लाल साडीत, पाठमोऱ्या. लग्न झाल्यापासून प्रत्येक चित्रात. आजही हाताने जागा सोडली होती. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाई उभ्या राहतात तिथं," ते म्हणाले.

"मंग आज न्हाई आल्या?"

"नाही."

त्यांनी ब्रश पाण्यात खळबळला. तेवढ्यात खालून लुनाचा आवाज आला. बंडोपंतांची मुलगी जान्हवी शेजाऱ्यांची लुना घेऊन आली होती. ती धापा टाकत टेकडी चढली.

"सगळं घर तुम्हाला शोधून राहिलंय, बाबा. फोटोवाला नाही म्हणाला. ओळखपत्रावरून मोठा फोटो नाही होत म्हणे."

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता, आणि घरात अनुसूयाबाईंचा धड फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. मतदार ओळखपत्रावरची बाई कोण, हे तर खुद्द अनुसूयाबाईंनाच ओळखू आलं नव्हतं. कितीतरी दिवस त्या हसत होत्या. एरवी कॅमेरा निघाला की त्या स्वयंपाकघरात पळायच्या.

"आईची एवढी चित्रं घरात," जान्हवी म्हणाली. "भिंतीवर, ट्रंकेत, माळ्यावर. सकाळपासून एकेक काढून बघितलं. एकातही तोंड नाही."

"निसर्गचित्रात माणूस मापापुरता असतो." वर्गात सांगायचे त्याच सुरात बंडोपंत म्हणाले. "झाड केवढं आहे ते कळायला. चेहरा काढला की नजर तिथंच अडकते."

"मग उद्या हार कशाला घालू? झाडाला?"

कौशल्याबाईने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"आगं माय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "बाई गेल्या?"

शेळ्या तुरीत शिरल्या तरी ती उठली नाही.

"तुम्ही काढून द्या आईला," जान्हवी म्हणाली. "नुसत्या पेन्सिलीनं द्या. सकाळपर्यंत फ्रेम करून देतो म्हणालाय फोटोवाला."

"मला चेहरे जमत नाहीत."

"आईचासुद्धा?"

बंडोपंतांनी पुन्हा ब्रश उचलला. जान्हवी टेकडी उतरली, तुरीच्या बांधावरून पलीकडे गेली आणि पळसाखाली जाऊन उभी राहिली.

बंडोपंतांनी सवयीनं ब्रश लाल रंगात बुडवला, डोळे बारीक केले.

"पाठ कर!" ते ओरडले.

जान्हवीला ऐकू गेलं होतं. तिने पाठ केली नाही.

"अगं, ऊन तोंडावर येतंय. पाठ कर!"

ती हलली नाही. पोरगी आईवर गेली आहे, असं सगळे म्हणत. बंडोपंतही मान हलवत. पण इथून तोंडाच्या जागी फक्त एक फिकट ठिपका दिसत होता.

त्यांनी ब्रश बरणीत टाकला. फळीवर नवा कागद लावला, पेन्सिल घेतली आणि रंगपेटी उघडी टाकून ते टेकडी उतरू लागले. कौशल्याबाई बघतच राहिली. चित्र पुरं होईस्तोवर गुरुजींना जागचं उठलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

हातभर अंतरावर येऊन ते थांबले. जान्हवीने पदराने डोळे पुसले, हनुवटी वर केली आणि ती स्थिर उभी राहिली. कपाळ झालं. भुवया झाल्या. नाक झालं. ओठ दोनदा खोडावे लागले, तेही झाले. मग पेन्सिल गालाजवळ गेली आणि तिथंच राहिली.

"तुझ्या आईला गालावर तीळ होता," बंडोपंत म्हणाले.

"हो."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"कोणत्या गालावर गं?"