समाधानकारक

जयवंतानं मशीनचा दांडा फिरवला आणि पहिल्याच फेऱ्यात मिरचीचा लाल धुरळा तिच्या तोंडावर उडाला. तिनं डोळे मिटले, पण दांडा सोडला नाही. खालच्या ट्रेमध्ये मिरच्या पडू लागल्या. काहींचे देठ निघाले होते. बाकीच्या मधोमध फुटल्या होत्या आणि बी बाहेर सांडलं होतं.

हिंगणा रोडवरच्या त्या कारखान्याच्या शेडमध्ये सगळे खोकत होते. प्रकल्पप्रमुख पांढरीपांडे साहेबांनी नाकाला रुमाल लावून घड्याळात पाहिलं.

"बस," ते म्हणाले. "दहा मिनिटं झाली."

जयवंता भिवापूरची. वीस वर्षं ती हातानं मिरच्यांचे देठ खुडत आली होती. मशीनचं डिझाइन करणारा विश्वनाथ तिच्याजवळ तीन दिवस बसून बोटांचा तो हलका पीळ पाहून आला होता. आज चाचणीसाठी कंपनीनं जीप पाठवून तिलाच आणलं होतं.

विश्वनाथनं तिला बाहेर नळावर नेलं. तिनं बराच वेळ डोळ्यांवर पाणी मारलं. परत आल्यावर तिनं ट्रेमधल्या मूठभर मिरच्या उचलल्या.

"भाऊ, हे देठ नाही काढून राहिलं, मिरची फोडून राहिलं. फुटकी मिरची व्यापारी काहून घेईन?"

"बरोबर आहे," विश्वनाथ म्हणाला आणि पांढरीपांड्यांकडे वळला. "साहेब, देठ ओढणारा आतला रूळ बदलावा लागेल. लोखंडाऐवजी रबराचा लावून पाहतो. दोन महिने द्या."

साहेबांनी त्याला भिंतीपाशी नेलं. तिथं भिंतभर तक्ता लावलेला होता. पंचवीस गोल आणि त्यांना जोडणारे बाण. मुंबईला पंधरा दिवसांचा कोर्स करून आल्यापासून साहेब प्रत्येक नवा माल याच पद्धतीनं काढत. तेरा गोल हिरव्या पेन्सिलीनं भरलेले होते. चौदाव्यात लिहिलं होतं, 'वापरणाऱ्याकडून चाचणी'.

"यात मागे जाणारा बाण दिसतो का तुम्हाला?"

"नाही."

"नसतोच. पद्धतच तशी आहे. चाचणी घ्यायची होती, घेतली. कशी झाली, हा प्रश्न या गोलात नाही."

त्यांनी पेन्सिल काढली आणि उभ्याउभ्याच गोल भरला.

साहेबांनी टेबलावर कागद ठेवला. तो कालच टाइप झालेला होता.

"बाई, इथं अंगठा दे."

"यात काय लिवलं हाय?" जयवंतानं विश्वनाथला विचारलं.

त्यानं वाचलं. "यंत्र समाधानकारक चालले. वापरण्यास सोपे वाटले."

"मी असं कुठं म्हटलं?"

"जीप साडेतीनला सुटते, बाई," साहेब म्हणाले. "ड्रायव्हर थांबत नाही. मग भिवापूरला कशी जाशील ते तू पाहा."

जयवंतानं दाराबाहेरच्या जीपकडे पाहिलं. मग विश्वनाथकडे. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. तो कागदाची कड टेबलाच्या कडेशी जुळवत राहिला.

तिनं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. नुसता निळा डाग पडला. साहेबांनी पुन्हा टेकवायला लावला. पुन्हा डागच. अंगठा लुगड्याला पुसून, पुन्हा शाईत बुडवून तिनं तिसऱ्यांदा दाबून टेकवला.

"रेघा का उमटत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"मिरचीनं खाल्ल्या," जयवंता म्हणाली. "आमच्यात कोनाच्याच उमटत नाही."

"राहू दे. डाग आला ना, पुरे." साहेबांनी वाकून फुंकर मारली आणि शाई वाळवली.

त्याच्याखाली 'डिझाइन इंजिनिअर' लिहून जागा रिकामी सोडलेली होती. विश्वनाथनं खिशातून पेन काढलं. त्याची सही पहिल्याच खेपेला स्वच्छ उमटली. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.