चाळीसच्या आत

अकरा वाजता अरुंधतीने पहिला आकडा काढला. अठ्ठावन्न. आकड्याआधीचे दशांशचिन्ह आणि शून्ये प्रयोगशाळेत कुणी बोलत नसे.

साहेबराव दाराशी स्टुलावर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"किती आला, बाई?"

मधले आकडे गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत, असा नियम होता. शेवटचा आकडा तेवढा अहवालात लिहून द्यायचा. पण मागच्या शुक्रवारी एकसष्ट ऐकून या माणसाने भिंतीला हात टेकला होता, ते तिने पाहिले होते. तिने सांगून टाकले.

"म्हंजी उतरला की!" साहेबराव म्हणाले.

यंत्राच्या पेटीत त्यांनी बनवलेल्या दोन फळ्या होत्या, मावळातल्या भातगिरण्यांचे तूस चिकटवून, दाबून केलेल्या. दोन्हींच्या मध्ये विजेवर तापणारी तबकडी, बाहेरच्या बाजूंना थंड पाणी फिरणाऱ्या तबकड्या. फळीतून उष्णता जितकी कमी पलीकडे जाईल, तितका आकडा लहान. चाकणला बटाट्याचे शीतगृह उभे राहत होते. त्याच्या भिंतींसाठी शीतगृहवाल्यांना चाळीसच्या आतला आकडा हवा होता, आणि तो कागदावर, उद्या शनिवारपर्यंत.

प्रयोगशाळेतला शिपाई भिमाजी तापमान मोजणाऱ्या तारांची टोके बुडवायला थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरत होता. "साहेबराव, बाळंतिणीच्या खोलीभायेर बसावं तसं बसलाय की. जरा फिरून या."

"तू बरफ फोड. मागल्या बारीला तूच घाण केली असशील."

"मी? आन फळीवर नारळ कुणी फोडला?"

साहेबरावांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली. पहिलाच माल म्हणून त्यांच्या पत्नीने, रंभाबाईंनी, फळ्यांना हळदकुंकू वाहिले होते आणि त्यांच्यावर नारळ फोडला होता. पाणी तुसात जिरले. ओली फळी उष्णता जास्त नेते. मागच्या वेळी फळ्या वजनाला जड लागल्या तेव्हा अरुंधतीने खोदून विचारले होते. मग वजन उतरायचे थांबेपर्यंत, पूर्ण चार दिवस, तिने त्या ओव्हनमध्ये वाळवल्या होत्या.

"आठ दिस झालं, धड जेवंना ती," साहेबराव म्हणाले. "म्हणती, माझ्या हातानं गेलं."

साडेअकराला एकावन्न आला. बाराला अठ्ठेचाळीस.

"सात उतरले, मग तीन," साहेबरावांनी बोटांवर मोजले. "आता आठच ऱ्हायले."

अरुंधतीने पेन्सिल खाली ठेवली. सुरुवातीला सगळेच आकडे उतरतात. तबकडी पुरती तापेपर्यंत तो उतार यंत्राचा असतो, फळीचा नसतो. हे अकरा वाजताच सांगायला हवे होते.

"साहेबराव, हा आकडा अजून..."

"सोमवारी कंपनीला सांगायचंय, वॉचमन म्हणून येतो का न्हाई ते." ते भिमाजीकडे बघून बोलत होते. "कंपनी हाय ते आमचंच वावर व्हतं की. जिथं भुईमूग काढला, तिथं गेटवर हुभं राहून लोकांचे डबे तपासायचे. थोरल्या भावानं धरली नोकरी. मला म्हणतो, खाकी कापड चांगलं देत्यात." ते हसले. "आता न्हाई म्हणून सांगतो."

"इतक्यात काही ठरवू नका," अरुंधती म्हणाली.

"ठरवतोय कुठं? हितंच बसलोय की."

साडेबाराला तिने मोजणीयंत्राची चकती फिरवून काटा शून्यावर आणला, आकडेमोड केली, ती पुन्हा तपासली. सत्तेचाळीस.

"एकच उतरला?"

"एकच."

एक वाजता सत्तेचाळीस. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. भिमाजीने डबा उघडला, अर्धी भाकरी पुढे केली. साहेबरावांनी ती हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

दीडला सत्तेचाळीस. दोनला सत्तेचाळीस.

"चार वेळा तोच आला, की मोजणी पुरी होते," अरुंधती म्हणाली. "हा आता फळीचा स्वतःचा आकडा."

"पुरती वाळली नसंल."

"वाळली होती. मी रोज वजन करत होते."

"म्हंजी नारळाचा दोष न्हवता."

तिने थोडा विचार केला. "एकसष्टातले चौदा नारळाचे. बाकीचे तुसाचे."

"तुसाचे," साहेबराव म्हणाले.

"दाब कमी ठेवून फळी हलकी केली तर आकडा उतरेल."

"केली व्हती. उचलली की भुगा हुती."

तिने तक्त्यात दोन वाजताचा आकडा लिहिला. कोपऱ्यात नळीतले पाणी एका लयीत फिरत होते. भिमाजी उठला, हात पुसले आणि यंत्राच्या बटणाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे रं," साहेबराव म्हणाले. मग अरुंधतीकडे वळले. "बाई, अजून अर्धा तास बघा. सकाळपास्नं उतरतच व्हता की."

बटणावर बोट ठेवून भिमाजी तिच्याकडे पाहत राहिला.

तक्त्यातल्या सगळ्या ओळी भरल्या होत्या. अरुंधतीने पट्टी घेतली, खालच्या कोऱ्या जागेत आणखी एक सरळ ओळ आखली आणि वेळेच्या रकान्यात लिहिले, अडीच.